एवढा दम असेल तर एकटेपणा कसला

सेलिन डिऑनचं 'ऑल बाय मायसेल्फ' लागलं की अर्धं गाणं कोणी धड ऐकतच नाही, सगळ्यांचे कान त्या एका सुराकडे लागलेले असतात, आला का, आला का. "एनीमोर" म्हणत ती वर जाते आणि तिथेच थांबते, आणि ती सूर धरून उभी असतानाच खालची पट्टी बदलते, म्हणजे गाणारीचा सा च हलवून टाकलाय आणि हिला काही फरक नाही! फॉल्सेटोत बारीक आवाज काढून निसटता आलं असतं की, पण नाही, बाई भरलेल्या आवाजातच जाते. १९९६ चा 'फॉलिंग इन्टू यू' अल्बम, प्रोड्युसर डेव्हिड फॉस्टर. यानेच १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनकडून 'द बॉडीगार्ड' या हॉलिवूड सिनेमातलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गाऊन घेतलं होतं, म्हणजे गायकांचे घसे पणाला लावायची सवय जुनीच.

पण मूळ गाणं अमेरिकन गायक एरिक कारमेनचं, १९७५ चं, ते ऐकलं तर वेगळाच माणूस भेटतो. दमलेला, फोन करायलाही कोणी नाही असा. मध्ये लांबलचक पियानो आहे, सात मिनिटांच्या वर जातं गाणं. कडव्याची चाल त्याने रशियन संगीतकार रखमानिनोव्हच्या दुसऱ्या पियानो कन्चेर्तोवरून, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेवरून उचललेली, त्याला वाटलं कॉपीराइट संपलाय, अमेरिकेत संपलाही होता पण बाकी ठिकाणी नाही, मग रॉयल्टीत वाटा द्यावा लागला. आणि गंमत म्हणजे रखमानिनोव्हने तो कन्चेर्तो लिहिला डिप्रेशनमधून उठताना, पहिली सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, १८९७ ला सपशेल आपटली होती, त्यानंतर तीनेक वर्षं फारसं काही सुचेना, शेवटी डॉ. दाल नावाच्या डॉक्टरांकडे उपचार घेतले आणि रचना त्यांनाच अर्पण केली.

म्हणजे चालीत खरा अंधार आहे. सेलिनकडे आल्यावर त्याचा विजयोत्सव होतो. मला एवढंच वाटतं की ज्या बाईच्या छातीत एवढा श्वास आहे ती एकटी आहे हे पटत नाही, खऱ्या एकट्या माणसाचा आवाज वर जात नाही हो, तो "जेवलो मी" एवढंच म्हणतो. तरी दरवेळी अंगावर काटा येतो, हेही खरंच.

त्यामुळे माझी वाटणी झालेली आहे. रात्री झोप येत नसेल तर एरिक. भांडी घासताना सेलिन, पण पट्टी बदलायची वेळ आली की मी तोंड मिटतो, शेजारी तान्हं बाळ आहे.