मंडपवाल्याच्या वीस गाद्या

रविवारी रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. बोलत होते काका, पण मला ऐकू येत होत्या वाट्या, डाव आणि खुर्च्यांची खरखर. मधूनच एक वाक्य सुटून आलं: "ताई, तुमच्या पडद्यांनी काहीच फरक पडला नाही हो!"

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं त्यांचं थाळीचं भोजनगृह. सहा महिन्यांपूर्वी मी त्याची सजावट करून नवं रूप दिलं, तेव्हा दर्शनी काचेवर पांढरे जाळीचे पडदे मीच लावले होते. वर "आवाजालाही बरे" असं ठोकूनही दिलं होतं. वडिलांचं रावपुऱ्यात गादी-पडद्यांचं दुकान, जन्म त्यात गेला, मला कळायला हवं होतं. जाळीतून वारा जातो तसा आवाजही जातो, काचेवर आपटतो आणि परत येतो. थोडाफार जिरतो तो जाड, भरपूर चुण्यांच्या पडद्यात.

सोमवारी दुपारी भोजनगृह बंद असतं. बाबांना घेऊन गेले. ते कानाला मशीन लावतात, त्यामुळे अशा जागी त्यांच्याइतका कडक परीक्षक मिळत नाही. मी मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. ती छतापर्यंत गेली, काचेवरून फिरली आणि गल्ल्यापाशी कुठेतरी विझली. खाली पॉलिश केलेली कोटा फरशी, भिंतींना टाइल्स, वर पीओपी, टेबलांना सनमायका. मऊ असं तिथे फक्त पोळ्यांचं फडकं.

"साउंडप्रूफ करून टाका," काका म्हणाले. हा शब्द सगळेच वापरतात. साउंडप्रूफ म्हणजे रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज आत न येणं. त्याला जड भिंत, दुहेरी काच, बुजवलेल्या फटी लागतात. इथला गोंगाट घरचाच होता. एका टेबलाचा आवाज विरत नाही, म्हणून दुसरं टेबल जोरात बोलतं, मग पहिलं आणखी जोरात. आजूबाजूला गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे 1911 मध्ये नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात.

हॉल 12 मीटर लांब, 8 रुंद, साडेतीन उंच, म्हणजे 336 घनमीटर. आवाज जिरवण्याची ताकद उघड्या खिडकीच्या मापात मोजतात, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही. त्या अख्ख्या हॉलची ताकद, खुर्च्या-टेबलं धरून, माझ्या अंदाजाने जेमतेम 18 चौरस मीटर खिडकीएवढी होती. घनफळाला 0.161 ने गुणून 18 ने भागलं की आवाज विरायला लागणारा वेळ येतो: तीन सेकंद. एक शब्द तीन सेकंद घुमत राहिला, तर पुढचे सात-आठ त्याच्याच अंगावर पडणार.

काकांनी कागदाकडे पाहिलं, मग पडद्यांकडे. त्यांचं बरोबरच होतं.

हे गणित बसवणारा सॅबाइन हार्वर्डमध्ये शिकवायचा. 1895 मध्ये तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात काही केल्या बोलणं समजेना. तेव्हा त्याने सँडर्स थिएटरच्या आसनांवरच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. माझ्याकडे सँडर्स थिएटर नव्हतं, मंडपवाला होता. लग्नसराई संपलेली. अर्ध्या तासात टेम्पोतून कापसाच्या वीस गाद्या आल्या. आमचा सुतार भिंतींना त्या उभ्या करताना म्हणाला, "बेन, अहीं कोण सूवानुं छे?" (ताई, इथे झोपणार कोण?)

फुगा फोडला, फोनवर मोजलं. आवाज विरायचा वेळ तीन सेकंदांवरून सव्वा सेकंदाच्या आसपास आला. पंख्यांच्या घरघरीत फोनच्या मोजणीवर फार विसंबता येत नाही, पण टाळी वाजवली तर ती हातातच राहिली. मग पोरांना चार टेबलांवर बसवून ताटं वाजवत गप्पा मारायला लावल्या. गाद्यांआधी अशाच मारायला लावलेल्या गप्पांपेक्षा आवाजाचा मीटर चारच डेसिबल खाली. काका हिरमुसले. चार डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्म्याहून कमी, हे मी सांगायला लागले, आणि लक्षात आलं की ते मला हळू आवाजात विचारत होते. दुपारपासून पहिल्यांदाच.

बाबांनी खिशातलं मशीन पुन्हा कानात घातलं. जरा वेळ ऐकलं. म्हणाले, "आत मिक्सर चालू आहे का?"

होता. आतली तयारी सोमवारीही चालते, आणि वाढपाच्या खिडकीला दार नव्हतं. इतके दिवस तो गोंगाटात लपून गेला होता.

"मग या गाद्याच टांगून ठेवल्या तर?" काका. नाही. कापूस पेटतो, तेलाची वाफ धरतो, आणि उंदरांचं वेगळंच. साधा फोमही नको, आग लागली तर जीवघेणा धूर. ठरलं ते असं: छताखाली दोन इंची ग्लासवूलचे (काचतंतूंच्या लोकरीचे) उभे पट्टे, वर कापड. कापड ओठांना लावून फुंकायचं, पलीकडे हवा लागली तरच घ्यायचं. रेक्झिन घातलं तर आवाज वरूनच परत फिरतो. वाढपाजवळ पुसता येणाऱ्या फेल्टच्या पाट्या, टेबलांच्या पोटाला फेल्ट, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या. आणि त्या खिडकीला सरकतं झाकण.

खर्चाचा आकडा ऐकून काका काही बोलले नाहीत. गाद्या टेम्पोत चढत होत्या आणि हॉल पुन्हा पहिल्यासारखा घुमायला लागला होता. काकांनी एक खुर्ची मुद्दाम ओढून पाहिली.

"कधी सुरू करता?"

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "पडद्यांचे पैसे बिलातून वळते कर."