सुलभा देशपांडेच का?

आवडती सिनेनटी कोण, असं कुणी विचारलं की मी सुलभा देशपांडे हे नाव घेते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यांनी सिनेमात असं मोठं काय केलं? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. त्यातली लीला बेणारे सुलभाताईंनी उभी केली. १९७१मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्याचा मराठी सिनेमा केला, त्यातही बेणारे त्याच. सगळे त्यांच्या शेवटच्या स्वगताबद्दल बोलतात. मला त्याआधीची बेणारे जास्त हलवते. हसतखेळत सुरू झालेला लुटुपुटीचा खटला खराच तिच्यावर उलटतो आणि एवढी बोलकी बाई गप्प होते. बाकीचे तिच्या अब्रूची लक्तरं काढत असतात आणि ती ऐकत असते. असं ऐकणं फार थोड्या नटांना जमतं.

एवढी ताकदीची नायिका समोर असताना हिंदी सिनेमानं त्यांना बहुतेक वेळा कुणाची तरी आईच केलं. त्या आयांतली एक मात्र विसरता येत नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त (१९७७) त्या स्मिता पाटीलची आई झाल्या. मुलीच्या कमाईवर घर चालतंय आणि तिच्या लग्नाला मात्र आईचा विरोध आहे. या शांताबाईला सुलभाताईंनी खलनायिकाही केलं नाही आणि बिचारीही केलं नाही. ती चिडते, तेव्हा तिची भीती दिसते. स्मितावरची नजर काढून एकदा फक्त या आईकडे पाहा.

सिनेमात त्या मोठ्या भूमिकांत कमी दिसल्या, कारण त्यांचं बरंचसं आयुष्य दादरमध्ये खर्ची पडत होतं, असं मला वाटतं. छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या (बेणारेही शिक्षिकाच!). पती अरविंद देशपांडे यांच्यासोबत १९७१मध्ये त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली आणि पुढे छबिलदासचा हॉल प्रायोगिक नाटकांचं घर झाला. मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ ही ‘आविष्कार’ची शाखा चालवली, ‘दुर्गा झाली गौरी’ हे बालनाट्य केलं, ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा बालचित्रपटही दिग्दर्शित केला. याला सिनेमातलं अपयश म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा मला मनापासून राग येतो. संधी हुकली ती सिनेमाची.

‘इंग्लिश विंग्लिश’मधली (२०१२) श्रीदेवीची सासू तुम्ही पाहिलीच असेल. घरात शशीला (म्हणजे श्रीदेवीला) मान देणारं जे एक माणूस आहे, ते सुलभाताई. मोजके प्रसंग, आवाज कुठेच चढत नाही, तरी त्या घरात त्या वर्षानुवर्षं राहत आल्यात हे पटतं. २०१६च्या जूनमध्ये त्या गेल्या. नव्यानं पाहायला सुरुवात करणार असाल तर आधी ‘भूमिका’ पाहा, आणि मग बेणारेकडे या.