पिण्याची वेळ, मीटिंगची वेळ

दारू सोडायची म्हटली की जो तो सांगतो, "एकदा ए.ए.ला जाऊन ये." ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस: दारू सोडू पाहणारेच मीटिंगला जमतात आणि एकमेकांना आधार देतात. पण मीटिंग शोधायची कशी, कोणती निवडायची आणि आत गेल्यावर काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. बरेच जण अडतात ते नेमके तिथेच.

त्याआधी एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या भरवशावर एका दिवसात दारू बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हातपाय थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. पूर्वी कधी फिट आली असेल तर धोका आणखी मोठा. त्यामुळे आधी डॉक्टरांना भेटा. मीटिंगमध्ये ना डॉक्टर असतो, ना औषध.

आता शोधायचं कसं? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 साली अमेरिकेत सुरू झालं आणि आज बहुतेक देशांत त्याची वेबसाइट किंवा हेल्पलाइन आहे. 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत अ‍ॅपही आहे, पण त्यात सगळीकडच्या मीटिंग सापडतीलच असं नाही. यादीत वार, वेळ, पत्ता, भाषा आणि मीटिंग 'ओपन' की 'क्लोज्ड' हे दिलेलं असतं. ओपनला कुणीही जाऊ शकतं, अगदी बायको, भाऊ, मित्रसुद्धा. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. फॉर्म नाही, फी नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे, तोही 1951 पासून.

बहुतेक जण घराजवळची मीटिंग निवडतात. माझं मत वेगळं आहे: आधी वेळ बघा. रोज संध्याकाळी सातला बसणाऱ्याने सकाळची मीटिंग धरली, तर सातला तो पुन्हा एकटाच. जो तास सर्वांत अवघड, तोच मीटिंगमध्ये गेला पाहिजे. त्यासाठी थोडं लांब जावं लागलं तरी चालेल.

यादीवर डोळे झाकून विसंबू नका. गट सभासदच चालवतात, खोली बहुतेकदा एखाद्या शाळेची, चर्चची किंवा दवाखान्याची असते. सुट्टीच्या दिवशी तिला कुलूप लागतं, आणि यादीत बदल व्हायला महिने जातात. म्हणून त्याच दिवशी हेल्पलाइनला फोन करून विचारा: आज मीटिंग आहे ना, ओपन आहे का, कोणत्या गेटने यायचं, कितवा मजला? बाहेर मोठी पाटी नसते. असलीच तर दारावर 'ए.ए.' लिहिलेला कागद. दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचलात तर खुर्च्या मांडणारा कुणीतरी भेटतोच. त्याला "पहिल्यांदाच आलोय" एवढं सांगा, पुढचं तो बघतो.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. सुरुवातीला वाचन, मग एकेक जण आपलं बोलतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर फक्त नाव सांगा आणि "आज ऐकतो" म्हणा. आडनाव सांगायची गरज नाही. पिशवी किंवा डबा फिरतो, तो खोलीभाडं आणि चहासाठी. नवख्याने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. कोर्टाने किंवा ऑफिसने हजेरीची चिठ्ठी मागितली असेल, तर सेक्रेटरीला मीटिंग सुरू व्हायच्या आधीच विचारा. काही गट सही देतात, काही नाही.

सगळ्यात मोलाची ती संपल्यानंतरची दहा मिनिटं, आणि नेमके तेव्हाच नवे लोक सटकतात. थांबा, दोन-तीन फोन नंबर घ्या (पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे, असा साधारण रिवाज), आणि त्याच रात्री एकाला फोन लावा. बोलायला काही नसलं तरी लावा. तलफ आलेल्या रात्री अनोळखी माणसाला पहिला फोन करणं भलतंच जड जातं.

पहिली मीटिंग पटली नाही म्हणून 'ए.ए. आपल्यासाठी नाही' असं ठरवू नका. प्रत्येक गट स्वतंत्र असतो. एकीकडे प्रार्थनेवर भर, दुसरीकडे गप्पांवर. पाच-सहा गट पाहा, मग एक धरा आणि तिथे दर आठवड्याला जा. देवाची भाषा अजिबातच रुचत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत. पिऊन गेलात तर सहसा कुणी हाकलत नाही, पण बोलू नका, मागे बसून ऐका. कुणी "गोळ्या बंद कर" म्हणालं तर मुळीच ऐकू नका. सभासदांनी डॉक्टर होऊ नये, असं ए.ए.चं साहित्यच सांगतं. आणि आत बोललेलं बाहेर जाऊ नये हा पाळला जाणारा संकेत आहे, कायद्याचं संरक्षण नव्हे. पोलीस-कोर्टाची प्रकरणं तिथे उघडू नका, ती वकिलापाशी.

पहिल्या आठवड्यासाठी तीन वेगवेगळ्या वारांच्या मीटिंग कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येकीसमोर त्याच वेळेची एक ऑनलाइन मीटिंग. दाराला कुलूप दिसलं तर तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून ऑनलाइन मीटिंगला बसता येतं.