भारत-चीन गंगाजळीची तुलना: सगळं घोडं सोन्याच्या ओळीत अडतं

भारत आणि चीन यांच्या परकीय चलन गंगाजळीचा १९९० पासूनचा तक्ता करायचा, तर बहुतेक काम सोपं आहे. दोन्हीकडचे आकडे जाहीर असतात आणि फुकट मिळतात. रिझर्व्ह बँकेचे दर शुक्रवारी, चीनचे साधारण दर महिन्याच्या ७ तारखेला. ते एक्सेलमध्ये उतरवायला फार वेळ लागत नाही. माझा वेळ खाल्ला तो सोन्याच्या ओळीने, आणि तिच्याकडे न बघता केलेले आलेख अजूनही सर्रास फिरताना दिसतात याचा मला मनापासून राग येतो.

आधी मथळ्यातल्या आकड्यांचं बघा. २७ सप्टेंबर २०२४ ला भारताची गंगाजळी ७०४.८८ अब्ज डॉलर होती. या बेरजेत परकीय चलन मालमत्ता, सोनं, एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदस्य देशांना वाटलेले विशेष आहरण हक्क) आणि नाणेनिधीतला आपला हिस्सा, चारही आले. चीनचा जो ३,००० अब्जांच्या वरचा आकडा छापून येतो, तो फक्त परकीय चलनाचा. सोनं, एसडीआर आणि नाणेनिधीतला हिस्सा त्याच तक्त्यात खाली वेगळ्या ओळींत असतात. म्हणून मथळ्याला मथळा लावू नका. भारताची फक्त परकीय चलन मालमत्ता घ्या, नाहीतर चीनच्या सगळ्या ओळींची बेरीज करा.

आता सोनं. १९९०-९१ चे भारताचे आकडे नुसते पाहिले तर डोकं चक्रावतं. मार्च १९९० अखेर एकूण साठा ३,९६२ दशलक्ष डॉलर, मार्च १९९१ अखेर ५,८३४ दशलक्ष. देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना साठा जवळपास दीडपट? ओळी सुट्या केल्या की उलगडा होतो. परकीय चलन ३,३६८ वरून २,२३६ दशलक्षांवर घसरलं होतं. सोनं मात्र ४८७ वरून ३,४९६ वर गेलं होतं. एवढं सोनं कोणी विकत घेतलेलं नव्हतं. १६ ऑक्टोबर १९९० पर्यंत सोन्याची किंमत १० ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे या जुन्या वैधानिक दराने धरत. १७ ऑक्टोबरपासून ती आंतरराष्ट्रीय बाजारभावाच्या जवळपास धरू लागले. ताळा स्वतः करून पाहा. मार्च १९९० चं सोनं २८१ कोटी रुपयांचं. त्याला जुन्या दराने भागलं की सुमारे ३३३ टन येतात. वजन जवळपास तेवढंच राहिलं, भाव बदलला. भाव बदलल्याची ही तळटीप न वाचता काढलेल्या आलेखात संकटाचं वर्ष भरभराटीचं दिसतं.

आणखी एक. १९९१ च्या संकटात परदेशी पाठवलेलं सोनं या मार्चअखेरच्या मालिकेत शोधू नका. स्टेट बँकेमार्फत गेलेलं २० टन सोनं सरकारने जप्त केलेलं होतं, पाठवताना ते रिझर्व्ह बँकेच्या साठ्यातलं नव्हतं. जुलैमध्ये लंडनला गेलेलं सुमारे ४७ टन तारण होतं आणि वर्ष सरायच्या आत ते सोडवून घेतलं गेलं.

चीनच्या ओळीतल्या उड्यांची जात वेगळी. ६०० टनांवरून एकदम १,०५४ टन (एप्रिल २००९), मग १,६५८ टन (जून २०१५). ही एका महिन्याची खरेदी नव्हे. आधीच्या काही वर्षांत जमवलेलं सोनं त्या दिवशी जाहीर झालं. भारताने नोव्हेंबर २००९ मध्ये नाणेनिधीकडून ६.७ अब्ज डॉलरला २०० टन घेतलं आणि साठा ५५७.७५ टनांवर गेला, ती उडी मात्र खरी खरेदी. आलेखावर तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक उडीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहा: वजन, भाव की जाहीर होणं. हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन.

त्यामुळे सोनं नेहमी आधी टनांत घ्या आणि दोन्हीकडे एकाच दिवसाचा लंडनचा भाव लावा. चीन औंसांत आकडा देतो. दहा लाख औंस म्हणजे ३१.१०३५ टन. मार्च २०२५ अखेर त्यांचे ७३.७० दशलक्ष औंस, म्हणजे सुमारे २,२९२ टन. भारताचे तेव्हा सुमारे ८८० टन. वजनात चीन अडीचपटीहून पुढे, पण एकूण साठ्यातला सोन्याचा वाटा भारतात ११.७ टक्के आणि चीनमध्ये साडेसहाच्या आसपास. टन आणि टक्के दोन्ही दाखवले नाहीत तर वाचकाला अर्धंच चित्र मिळतं.

चलनाच्या ओळीत एवढा गुंता नाही. चीनचा कळस जून २०१४ मध्ये, ३,९९३ अब्ज डॉलर. जानेवारी २०१७ मध्ये आकडा ३,००० अब्जांच्या खाली. ही सगळी घट डॉलर विकल्याने झाली असं मात्र लिहू नका: युरो-येन डॉलरपुढे पडले की त्या चलनांतली मालमत्ता डॉलरमध्ये आपोआप कमी दिसते. ऑगस्ट २०२१ ची एसडीआरमधली वाढही कमाई नव्हे, नाणेनिधीचं वाटप. भारताच्या वाट्याला १२.५७ अब्ज एसडीआर आले.

तारखांचंही सांभाळा. रिझर्व्ह बँकेची वार्षिक मालिका मार्चअखेरची, जागतिक बँकेची डिसेंबरअखेरची. जुन्या वर्षांसाठी मला जागतिक बँकेची मालिकाच बरी वाटते, कारण ती दोन्ही देशांचं सोनं ३१ डिसेंबरच्या लंडनच्या भावाने धरते आणि सोन्यासह व सोन्याविना अशा दोन्ही मालिका देते. २००० नंतरचे तिमाही टन हवे असतील तर वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या तक्त्यात दोन्ही देश शेजारी मिळतात. औंसांचा हिशेब तिथे करावाच लागत नाही.