उबुंटू २४.०४ वर न उघडणारे ॲपिमेज: अखेर पूर्ण साखळी हाती लागली

मागील नोंदीत जिथे थांबलो होतो, तिथूनच पुढे सुरू करतो. जुन्या लॅपटॉपवरील उबुंटू २२.०४ चे २४.०४ मध्ये अपग्रेड निर्विघ्न पार पडले होते आणि फायरफॉक्स, लिबरऑफिस, जिम्प व्यवस्थित उघडत होते; मात्र ज्या ॲपमध्ये माझ्या सगळ्या टिपणांचा साठा आहे, ते ॲपिमेज (न बसवता एकाच फाइलमधून चालणारे ॲप) स्वरूपातले, इलेक्ट्रॉन या क्रोमियम ब्राउझरवर उभ्या चौकटीत बांधलेले ॲप चिन्हावर क्लिक केल्यावर क्षणभर फिरते वर्तुळ दाखवून नाहीसे होत होते. खिडकी नाही, त्रुटीचा संदेश नाही. काल रात्री ते उघडले. त्याहून मोठा आनंद असा की ते आजवर का उघडत नव्हते, याचे कारण पहिल्या दुव्यापासून शेवटच्या दुव्यापर्यंत समजले. म्हणून आजची नोंद लांबणार आहे.

पहिला अडथळा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीने बांधलेल्या ॲपिमेजला फ्यूजच्या (साध्या वापरकर्त्याला फायलींचा संच फोल्डरसारखा जोडू देणाऱ्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ती मूळ प्रणालीबरोबर येत नाही. २४.०४ मध्ये त्या पॅकेजचे नावही बदलले आहे. २०३८ साली ३२ बिटांची वेळमोजणी संपते, त्याच्या तयारीसाठी अनेक लायब्ररींच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट जोडले गेले आणि ‘लिबफ्यूज२’ चे ‘लिबफ्यूज२टी६४’ झाले. ते पॅकेज बसवावे, पण नुसत्या ‘फ्यूज’ नावाचे जुने पॅकेज कोणीही बसवू नये, कारण ते फ्यूजच्या तिसऱ्या आवृत्तीला हटवते आणि तिच्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे महत्त्वाचे भागही तिच्याबरोबर निघून जाऊ शकतात.

लायब्ररी आली, तरी ॲप उघडले नाही. टर्मिनलमधून चालवल्यावर मात्र या वेळी वेगळा संदेश आला: क्रोमियमची सँडबॉक्स-साहाय्यक (प्रक्रियांना कोंडून सुरक्षित ठेवणाऱ्या यंत्रणेची) फाइल सापडली, पण तिची मांडणी योग्य नाही, सँडबॉक्सशिवाय चालण्यापेक्षा मी थांबतो, त्या फाइलची मालकी रूटकडे (प्रणालीच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे) आणि परवानगी ४७५५ (कोणीही चालवली तरी मालकाच्या अधिकाराने चालण्याची) असली पाहिजे. त्यानंतर ‘ट्रेस/ब्रेकपॉइंट ट्रॅप’ आणि कोअर डंप. ग्राफिक्स प्रवेगक बंद करून, वेलँडऐवजी एक्स११ वर (खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर) चालवून आणि कॉन्फिग फोल्डरचे नाव बदलून पाहिले, तरी संदेशातले एक अक्षरही बदलले नाही. त्यामुळे ग्राफिक्स, वेलँड आणि खराब झालेली सेटिंग्ज हे तिन्ही संशयित एका फटक्यात बाद झाले.

खरा मनस्ताप यापुढे होता. माझ्या दुसऱ्या लॅपटॉपवरही उबुंटू २४.०४ आहे, आणि तिथे हेच ॲपिमेज, अगदी चेकसमसुद्धा तोच असलेली फाइल, मेनूमधून निमूटपणे उघडत होती. एकच फाइल, एकच कर्नल, तरी एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर कोसळते, हे कोडे बराच काळ डोक्यातून जाईना. उत्तर डेस्कटॉप फायलीत, म्हणजे मेनूतली नोंद साठवणाऱ्या छोट्या फायलीत, सापडले. पहिल्या लॅपटॉपवरची डेस्कटॉप फाइल हाताने लिहिलेली असून तिच्यात फक्त ॲपिमेजचा पूर्ण मार्ग आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर ती ॲपिमेज जोडून घेणाऱ्या साधनाने, ॲपिमेजच्या पोटातल्या मूळ डेस्कटॉप फायलीवरून तयार केली होती, आणि त्या मूळ फायलीच्या ‘एक्झेक’ (चालवायच्या आज्ञेच्या) ओळीत ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय आधीपासूनच लिहिलेला होता. म्हणजे दुसऱ्या यंत्रावर ॲप निरोगी नव्हते. ते संरक्षणाशिवाय चालत होते आणि त्याचा पत्ता वापरणाऱ्याला लागत नव्हता. अनेक इलेक्ट्रॉन ॲपिमेजमध्ये ही ओळ तशीच असते. आपापल्या मेनूतल्या नोंदी कृपया एकदा उघडून पाहा.

आता मूळ कारणाकडे येतो. कर्नलच्या नोंदी जर्नलसीटीएलने चाळल्या तेव्हा ॲप सुरू करण्याच्या नेमक्या क्षणी ॲपआर्मरच्या (कोणत्या प्रोग्रॅमला काय करता येईल ते ‘प्रोफाइल’ नावाच्या नियमसंचांनी ठरवणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेच्या) दोन ओळी दिसल्या. पहिलीत युजर नेमस्पेस (वापरकर्ता-अधिकारांचा वेगळा कप्पा) तयार होताना प्रक्रियेला ‘अनप्रिव्हिलेज्ड युजरएनएस’ या प्रोफाइलमध्ये हलवल्याची नोंद होती आणि दुसरीत त्याच प्रोफाइलखाली क्षमता क्रमांक २१, म्हणजे ‘सिस ॲडमिन’, नाकारल्याची. या दोन ओळींत सगळी कथा आहे. क्रोमियम, आणि त्यावर उभे असलेले इलेक्ट्रॉन, आपल्या वेब-पानांच्या प्रक्रिया कोंडून ठेवण्यासाठी आधी युजर नेमस्पेसचा आधार घेते. लिनक्स ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, साध्या वापरकर्त्यालाही असा नेमस्पेस तयार करता येतो आणि त्याच्या आत तो रूटसारखा वागू शकतो. सोय मोठी आहे, पण त्या वाटेने कर्नलचे असे अनेक भाग सामान्य प्रोग्रॅमच्या टप्प्यात येतात जे पूर्वी फक्त रूटच्या हाती होते, आणि कर्नलमधल्या कित्येक सुरक्षा-त्रुटींचा गैरवापर याच मार्गाने झाला आहे. म्हणून उबुंटूने २३.१० मध्ये ही वाट अडवण्याची सोय आणली आणि २४.०४ मध्ये ती मुळातच चालू ठेवली. नेमस्पेस तयार होतो, परंतु त्यात अधिकार मिळत नाहीत. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो.

नेमस्पेस निकामी ठरला की क्रोमियम जुन्या उपायाकडे वळते: रूटच्या मालकीची, सेटयूआयडी बिट लावलेली ती छोटी साहाय्यक फाइल, जी कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालते. डेब पॅकेज (उबुंटूचे नेहमीचे बसवायचे स्वरूप) बसताना ही परवानगी लावून घेता येते. ॲपिमेज मात्र कोठेच बसत नाही. ते चालवताना टेम्प फोल्डरमध्ये, दर वेळी वेगळ्या नावाच्या जागी, फ्यूजद्वारे माउंट होते, आणि साध्या वापरकर्त्याने केलेल्या फ्यूज माउंटवर ‘नोसूड’ (सेटयूआयडी बिट न मानण्याचे) हे बंधन सक्तीचे असते. त्यामुळे आतल्या फाइलवर ४७५५ ही परवानगी असली तरी तिचा परिणाम शून्य. संदेश आपल्याला फाइलची परवानगी सुधारायला सांगतो, आणि ती सुधारणे त्या जागी अशक्य असते. २२.०४ वर पहिलाच उपाय चालत असल्याने ही दुसरी वाट बंद आहे, हे कधी उघडच झाले नाही.

इंटरनेटवर सर्वांत जास्त दिले जाणारे सल्ले दोन आहेत: एका सेटिंगने कर्नलची ती मर्यादा शून्य करून टाकणे, किंवा ‘नो-सँडबॉक्स’ लावून मोकळे होणे. दोन्ही मला मान्य नाहीत. पहिल्यात एका ॲपसाठी संपूर्ण यंत्राचे दार उघडे राहते, आणि दुसऱ्यात बाहेरून आणलेल्या प्लगइनांचा कोड चालवणारे ॲपच मोकळे सुटते. माझ्या टिपणवहीत अशी प्लगइने भरपूर आहेत.

म्हणून मी ॲपआर्मरचे स्वतंत्र प्रोफाइल लिहिले. प्रोफाइल अगदी लहान असते: वर एबीआय ४.० ची (नियमांची आवृत्ती सांगणारी) ओळ, मग प्रोफाइलचे नाव, ॲपिमेजचा पूर्ण मार्ग, ‘अनकन्फाइन्ड’ हा (बाकी काही न अडवणारा) ध्वज, आणि महिरपी कंसात ‘युजरएनएस’ हा एकच नियम, ज्याच्यापुढे स्वल्पविराम हवाच. शंका अशी होती की प्रोफाइल ॲपिमेजच्या मार्गाला चिकटणार, पण प्रत्यक्ष ॲप तर टेम्पमधल्या बदलत्या मार्गावरून चालते. मग परवानगी तिथपर्यंत पोहोचणार कशी? ती पोहोचते. अशा प्रोफाइलखाली सुरू झालेली प्रक्रिया दुसरा प्रोग्रॅम चालवते तेव्हा त्या प्रोग्रॅमसाठी वेगळे प्रोफाइल नसेल तर पहिलेच लागू राहते. ॲपआर्मर पुन्हा लोड केले, चिन्हावर क्लिक केले, आणि टिपणांची खिडकी समोर आली. प्रक्रियांच्या यादीत ‘नो-सँडबॉक्स’ कोठेही नाही, हे पाहिल्यावरच समाधान झाले.

ही नोंद इथेच संपवण्याचा विचार होता. परंतु प्रोफाइलचा मार्ग इथे उतरवताना त्यातली फुली (*, म्हणजे ‘इथे कोणतीही अक्षरे चालतील’ असे चिन्ह) खटकली. ॲपिमेजच्या नावात आवृत्ती क्रमांक असतो, तो दर अद्ययावतीकरणाला बदलतो, म्हणून मार्गात फुली ठेवावी लागली. आणि तो मार्ग माझ्या होम फोल्डरमध्ये आहे, जिथे माझ्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्रॅम त्या नमुन्यात बसणाऱ्या नावाची फाइल ठेवू शकतो. शिवाय मार्च २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा-संस्थेने ही मर्यादा चुकवण्याच्या तीन वाटा प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एक तर हीच, की ‘एए-एक्झेक’ (प्रोग्रॅम निवडलेल्या प्रोफाइलखाली चालवणारे साधन) वापरून एखाद्या सैल प्रोफाइलमध्ये शिरायचे आणि तिथून पूर्ण अधिकारांचा नेमस्पेस मिळवायचा. यंत्रावर आधीच असलेल्या अशा प्रोफाइलांमध्ये मी आणखी एकाची भर घालत होतो. ‘एए-एक्झेक’ ची वाट बंद करणारे वेगळे कर्नल सेटिंग उपलब्ध आहे आणि ते मी आता दोन्ही लॅपटॉपवर चालू केले आहे, तरीही प्रत्येक ॲपिमेजमागे एक प्रोफाइल लिहीत जाण्याची योजना मी रद्द केली.

नवी पद्धत अधिक सरळ आहे. ॲपिमेजला त्याच्याच ‘एक्स्ट्रॅक्ट’ पर्यायाने उलगडायचे, निघालेले फोल्डर ऑप्ट या प्रणालीच्या फोल्डरमध्ये हलवायचे, सगळ्याची मालकी रूटला द्यायची आणि मग सँडबॉक्स-साहाय्यकाला ४७५५ परवानगी लावायची. क्रम हाच ठेवावा: आधी मालकी, नंतर परवानगी. मालकी बदलताना कर्नल सेटयूआयडी बिट काढून टाकते, त्यामुळे उलट्या क्रमाने केलेले काम वाया जाते. या पद्धतीत फ्यूजची गरज उरत नाही, प्रोफाइल लागत नाही, आणि ॲपच्या फायली साध्या वापरकर्त्याला बदलता येत नाहीत. सेटयूआयडी फाइल ही स्वतःच एक जोखीम आहे, हे खरे. पण क्रोमियमची ही फाइल छोटी आहे आणि अनेक वर्षे तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेली आहे, त्यामुळे होममधल्या फुलीपेक्षा ती मला नि:संशय चालेल. किंमत एकच मोजावी लागते: ॲप स्वतःला अद्ययावत करू शकत नाही. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.

दुसऱ्या लॅपटॉपवर आणखी एक गाठ सुटली. त्याची डिस्क पहिल्यावरून क्लोन केलेली आहे आणि होस्टनेम (संगणकाचे नाव) बदलल्यापासून तिथे क्रोमियम उघडत नव्हते. प्रोफाइल फोल्डरमधली ‘सिंगलटनलॉक’ ही खरी फाइल नसून होस्टनेम आणि प्रक्रिया क्रमांक जोडून बनलेल्या नावाकडे निर्देश करणारा सिमलिंक असतो. जुने होस्टनेम पाहून ब्राउझरला वाटत होते की प्रोफाइल दुसऱ्याच संगणकावर वापरात आहे. क्रोमियम चालू नाही याची खात्री करून तो दुवा काढला आणि ब्राउझर लगेच उघडला.

ॲपच्या निर्मात्यांविषयी एक अपेक्षा मांडतो. ॲपिमेज हे स्वरूप मला प्रिय आहे. प्रणालीत काही न पसरवता एकाच फाइलमध्ये ॲप मिळणे ही मोठी गोष्ट आहे. पण इलेक्ट्रॉनच्या बाबतीत, डेब पॅकेज उपलब्ध असेल तर तेच घ्यावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे, आणि केवळ ॲपिमेज देणाऱ्यांनी डाउनलोडच्या पानावरच २४.०४ विषयी दोन ओळी लिहाव्यात.

पुढचे काम ठरले आहे. आधी दुसऱ्या लॅपटॉपवरच्या सगळ्या डेस्कटॉप फायलींतून ‘नो-सँडबॉक्स’ शोधून काढायचे. नंतर ऑप्टमधून चालणारे हे ॲप थेट वेलँडवर चालवून मराठी टंकलेखन तपासायचे. आयबस या टंकलेखन-साधनावरून येणारी अक्षरे इलेक्ट्रॉनमध्ये वेलँडवर उमटण्यासाठी वेगळा पर्याय लागू शकतो, तर एक्सकेबीमधली (प्रणालीच्या कळफलक-मांडण्यांतली) इनस्क्रिप्ट मांडणी आयबसच्या मदतीशिवाय चालते. दोन्हींवर जोडाक्षरे, रफार आणि ‘ॲ’ नीट येतात का, ते पाहून पुढील नोंद लिहीन. आपल्यापैकी कोणाकडे ॲपिमेज उलगडून अद्ययावत करणारी तयार स्क्रिप्ट असेल तर ती जरूर कळवावी. माझी स्क्रिप्ट सध्या जुन्या आवृत्तीचे फोल्डर सुरक्षित बाजूला ठेवण्याच्या टप्प्यावर आहे.