फ्लरी: शून्य लोकसंख्येची ग्रामपंचायत

फ्रान्सच्या अधिकृत लोकसंख्येच्या तक्त्यात फ्लरी-दवाँ-दुओमाँ या गावासमोर शून्य हा आकडा असतो, आणि तरीही ते गाव यादीतून वगळले जात नाही. ईशान्य फ्रान्समधील म्यूझ जिल्ह्यात, व्हर्डन शहरापासून काही किलोमीटरवर, ते आहे. तिथे एकही घर उभे नाही आणि एकही मतदार नाही. पण गावाची शीव, कायदेशीर अस्तित्व आणि सरपंचपदाची कामे पाहणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत. आपल्या महसुली दप्तरात बेचिराख, म्हणजे वस्ती न उरलेली, गावे असतात आणि त्यांचे नाव व शिवार नोंदीत टिकून राहते, पण अशा गावासाठी स्वतंत्र ग्रामपंचायत नेमल्याचे ऐकिवात नाही. फ्लरीला ती मिळाली.

फ्रान्समध्ये स्थानिक कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला कम्यून म्हणतात. ही रचना 1789 च्या राज्यक्रांतीतून आली आणि जुन्या चर्च-परगण्यांच्या हद्दी बऱ्याच ठिकाणी तशाच उचलल्या गेल्यामुळे कम्यून फार लहान राहिले. आजही देशात सुमारे 35 हजार कम्यून असून त्यांतील निम्म्याहून अधिक 500 पेक्षा कमी वस्तीचे आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार 38 लाख 76 हजार लोकसंख्येच्या कोल्हापूर जिल्ह्यात एक हजाराहून थोड्या अधिक ग्रामपंचायती आहेत. म्यूझ जिल्ह्यात दोन लाखांपेक्षाही कमी लोक राहतात आणि कम्यून मात्र सुमारे 500 आहेत. आपल्याकडे जी वस्ती वाडी म्हणून शेजारच्या गावाला जोडली गेली असती, तिला तिथे स्वतःचा मेयर असतो.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फ्लरीची लोकसंख्या 422 होती, म्हणजे त्या मापाने ते अगदी सर्वसाधारण गाव होते. शेती आणि लाकूडकाम हे तिथले मुख्य व्यवसाय. शाळा, चर्च, पाव भाजणाऱ्याचे दुकान, लोहारशाळा, कपडे धुण्याचे सार्वजनिक हौद आणि अरुंद रुळांच्या गाडीचे स्थानक, एवढा त्याचा पसारा होता. 21 फेब्रुवारी 1916 रोजी जर्मन तोफखान्याने व्हर्डनवर मारा सुरू केला आणि गाव रिकामे करण्यात आले. व्हर्डनकडे उतरणाऱ्या टेकड्यांच्या वाटेवर फ्लरी नेमके मध्ये येत होते. 23 जूनच्या मोठ्या हल्ल्यात, ज्यात जर्मनांनी फॉस्जीन वायूचे गोळे वापरले, गाव त्यांच्या हाती पडले. त्यानंतर ऑगस्टपर्यंत ते तब्बल 16 वेळा या बाजूकडून त्या बाजूकडे गेले असे सांगितले जाते. 18 ऑगस्टला मोरोक्कोच्या वसाहती पायदळ पलटणीने ते कायमचे परत मिळवले. तोवर परत मिळवण्यासारखी एक भिंतही उरली नव्हती. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या, घरटी फौजेत माणूस असलेल्या गावांमुळे आपल्याला युद्ध म्हणजे गावातून निघून दूर लढायला गेलेली माणसे, एवढेच ठाऊक आहे. फ्लरीत युद्धच गावात येऊन राहिले.

युद्ध संपल्यावर सरकारने या पट्ट्याची ‘लाल क्षेत्र’ म्हणून आखणी केली. न फुटलेले गोळे, रासायनिक द्रव्ये आणि मातीत मिसळलेले मृतदेह यांमुळे इथे नांगर धरणे शक्य नव्हते. जमिनी सरकारने विकत घेतल्या आणि त्यांवर प्रामुख्याने पाइनची झाडे लावली. गावकऱ्यांना भरपाई मिळाली आणि ते इतरत्र पांगले. जमीन अजूनही आपले पोट रिकामे करते आहे: 2013 मध्ये फ्लरीच्या हद्दीत 26 फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. जवळच्या दुओमाँ येथील अस्थिगृहात, ज्याचे उद्घाटन 1932 मध्ये झाले, ओळख न पटलेल्या सुमारे 1 लाख 30 हजार फ्रेंच व जर्मन सैनिकांच्या अस्थी आहेत.

व्हर्डनभोवतीची नऊ गावे अशी नष्ट झाली. त्यांना ‘फ्रान्ससाठी मृत’ हा, एरवी सैनिकाला मिळणारा, दर्जा देण्यात आला आणि 1919 च्या कायद्याने त्यांचे कम्यून टिकवण्यात आले. आज त्यांतील सहा निर्मनुष्य आहेत. मतदारच नसल्याने निवडणूक होत नाही. जिल्ह्याचा प्रीफे, म्हणजे तिथला सरकारचा प्रतिनिधी, तीन सदस्यांची समिती नेमतो आणि तिचा अध्यक्ष मेयरची कामे पाहतो. ही कामे म्हणजे मुख्यतः चर्चच्या जागी उभारलेल्या छोट्या प्रार्थनागृहाची, वाटांची आणि कुठे काय होते हे दाखवणाऱ्या खुणांची देखभाल. जुन्या स्थानकाच्या जागी 1967 पासून युद्धस्मारकाचे संग्रहालय आहे.

आपल्याकडे धरणग्रस्तांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. वारणा आणि दूधगंगा धरण प्रकल्पांत जमिनी गेलेली माणसे दुसरीकडे वसवली गेली, तेव्हा जुन्या गावाचे नाव अनेकदा माणसांबरोबर नव्या वसाहतीत आले आणि शिवार पाण्याखाली राहिले. फ्रान्सने नाव जमिनीला बांधून ठेवले आणि माणसांना जाऊ दिले. यात भावनेचा भाग मोठा आहे हे उघड आहे, आणि विस्थापितांच्या दृष्टीने पाहिले तर आपली पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते, निदान कागदावर तरी.

फ्लरीच्या शून्याचा सगळा दोष मात्र युद्धाला देता येणार नाही. म्यूझ जिल्ह्याची लोकसंख्या 1851 च्या सुमारास सव्वातीन लाखांवर होती आणि 1911 पर्यंतच ती पावणेतीन लाखांच्या आसपास उतरली होती. तरुण मंडळी शहरांकडे आणि कारखान्यांकडे निघाली होती. युद्ध झाले नसते तरी फ्लरीत आज 422 माणसे असती असे मला वाटत नाही. शे-दीडशे असती, आणि एव्हाना शेजारच्या गावात विलीन होण्याचा प्रस्तावही आला असता. 1 जानेवारी 2019 रोजी दुओमाँ आणि व्हो या दोन शेजारी गावांचे, जिथे युद्धानंतर थोडी वस्ती परतली होती, खरोखरच असे विलीनीकरण झाले. फ्लरी त्यातून बाहेर राहिले आणि अजूनही स्वतंत्र कम्यून आहे.