इलेक्ट्रिक बॅग, सहा रात्री आणि दारातली चिंचोळी वाट

‘केबिन साइज’ हे विमानापुरतं खरं. हॉटेलच्या खोलीत शिरलं की ते साफ फसवतं. मोटर आणि बॅटरीवर चालणारी ५५ × ३५ × २३ सेंमीची इलेक्ट्रिक बॅग उभी असते तोवर कोपऱ्यात गपगुमान राहते. पुस्तकासारखी उघडली की ५५ × ७० सेंमी जमीन खाते, शिवाय समोर गुडघे टेकायला जागा हवी ती वेगळीच. म्हणून बुकिंगच्या वेळी ‘खोली केवढी’ असं विचारून उपयोग नाही. पलंगाचा काठ आणि भिंत यांच्यामध्ये किती सेंमी आहेत, ते विचारा. ५५ ची बाजू आडवी धरली तरी ६० च्या खाली बॅग जमिनीवर उघडत नाही. मग ती पलंगावर जाते, रस्त्याची घाण लागलेल्या चाकांसकट. बाथरूममधली शॉवर कॅप चाकांवर चढवली की चादर वाचते.

सहा रात्रींत तीन खोल्या झाल्या. पहिल्या दोन ठीक होत्या, सांगण्यासारखं काही नाही. तिसरीने घोळ घातला. दार आत उघडणारं, उजवीकडे बाथरूमची भिंत, डावीकडे कपाट आणि मधे ८५ सेंमीची वाट. बॅग ठेवायला मोकळी दिसणारी जागा तेवढीच, आणि दार उघडताना नेमकं तिथूनच फिरतं. बॅग चार बोटं जरी पुढे आली तरी दार अडतं. मागे सरकवली तर पलंगातून उतरणाऱ्याची नडगी फुटते. पण खरा प्रश्न नडगीचा नाही. लिथियम बॅटरी असलेली वस्तू माणूस आणि बाहेर पडायचं एकमेव दार यांच्यामध्ये ठेवायची नसते. बॅटरीने पेट घेतला तर सुटकेची वाटच तिच्यावरून जाते. त्यामुळे दारातल्या वाटेत बॅग नाही म्हणजे नाही, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही.

सगळ्यात चांगली जागा टेबलाखाली. खुर्ची बाहेर काढा, हँडल पूर्ण आत ढकला, बॅग उभी सरकवा. खुर्ची नको असेल तर हाउसकीपिंगला न्यायला सांगा. बसून चालवायची बॅग असेल तर खुर्चीचं काम तीच करते, फक्त आधी मेन स्विच बंद. तो चालू राहिला आणि थ्रॉटलवर, म्हणजे वेग देणाऱ्या कळीवर, कोपर पडलं, तर बॅग बसणाऱ्यासकट भिंतीवर जाते.

पलंगाखाली ठेवायची तर फटीची उंची २५ सेंमी हवी. बरेच पलंग जमिनीपर्यंत बंद असतात, त्यामुळे यावर भिस्त ठेवू नका. जात असेल तर थ्रॉटलची बाजू वर आणि बॅटरीचं झाकण बाहेरच्या अंगाला, नाहीतर दरवेळी अख्खी बॅग ओढून काढावी लागते. हॉटेलातला सामान ठेवायचा पट्ट्यांचा घडीचा रॅक या बॅगेसाठी निकामी. मोटर आणि बॅटरीमुळे सगळं वजन तळाशी असतं, आणि उघडलेलं अर्धं झाकण बिजागरीवर लोंबकळतं.

चार्जिंगचा घोटाळा खोलीच्या कार्डाचा आहे. कार्ड स्लॉटमधून काढलं की प्लगची वीज जाते. दिवसभर चार्जिंगला लावून फिरायला गेलं तर संध्याकाळी बॅटरी होती तशीच रिकामी. फ्रिजचा प्लग बहुधा चालू राहतो, पण त्या मोहात पडू नका, कारण माणूस खोलीत नसताना ही बॅटरी चार्ज करायची नसते. उगाच घाई कशाला? ३६ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर. १ अँपिअरच्या चार्जरवर दोन ते अडीच तास. परत आल्यावर लावली की झोपायच्या आत होते. बॅटरी बॅगेतून काढून टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. गादीवर, उशीखाली, कपाटात नको. उन्हातून आली असेल तर आधी निवू द्या. बाथरूममधला शेव्हरचा प्लग या कामाचा नाही. कोणाच्या चार्जरची पिन बसली म्हणून लावू नका. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीला बहुधा ४२ व्होल्टचा चार्जर लागतो, दोन्ही लेबलं जुळली पाहिजेत. बॅटरी फुगली किंवा गोडसर उग्र वास आला तर चार्जिंग बंद करा आणि रिसेप्शनला कळवा. धूर किंवा फुसफुस सुरू झाली तर सामानाला हात न लावता बाहेर पडा, दार ओढून घ्या.

चेक-आउटनंतर बॅग रिसेप्शनला ठेवताना बॅटरी काढून टोकांना चिकटपट्टी लावा आणि खांद्यावरच्या पिशवीत टाका. विमानातही बॅग चेक-इन करायची तर हेच. १०० वॉट-अवरपर्यंत बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला लागते, १६० च्या वरची प्रवाशाबरोबर नेता येत नाही. नियम असा की २.७ वॉट-अवरपेक्षा मोठी आणि न निघणारी बॅटरी असलेली बॅग घेतलीच जात नाही. विकणारा हे सांगत नाही.

आणि निघताना स्लॉटमधलं कार्ड काढण्याआधी चार्जर काढा. वीज गेली की त्याचा दिवा विझतो, आणि टेबलामागच्या प्लगला लटकलेला काळा चार्जर मग नजरेला पडत नाही.